चार्जरवर १४.४ आणि घरी १२.६ : दुकानाचं उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही लिहिलंय की आमच्या चार्जरवर १४.४ व्होल्ट दिसत होते, दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत मोजले तर १२.६ भरले, म्हणजे रात्रभर ठेवून घेऊनही बॅटरी अर्धवटच दिली. शिवाय चार दिवसांनी सेल्फ पुन्हा जड झाला. दोन्ही आकडे तुम्ही बरोबर वाचलेत. पण १२.६ म्हणजे बॅटरी फुल आहे.

बॅटरीत करंट ढकलायचा तर तिच्यापेक्षा जास्त व्होल्टेज द्यावंच लागतं. १४.४ हे चार्जरने दिलेलं व्होल्टेज. चार्जर काढला की आकडा आधी भराभर आणि मग काही तास हळूहळू उतरतो. आत सहा सेल असतात, भरलेला सेल साधारण २.१ व्होल्टचा, सहांचे मिळून १२.६. तुम्हाला १२.२ मिळाले असते तर बॅटरी जेमतेम अर्धी भरलेली, आणि मग तुमची तक्रार मी लगेच मान्य केली असती.

आम्ही नुसते व्होल्ट बघून बॅटरी उतरवत नाही. सल्फेट धरलेली, म्हणजे प्लेटांवर कडक थर बसलेली जुनी बॅटरी तर १४.४ फार लवकर दाखवते, कारण ती करंट घेतच नाही! व्होल्टेज १४.४ वर टेकल्यावर अँपिअरचा काटा खाली यायला लागतो. तो खाली येऊन स्थिर झाला की हायड्रोमीटरने एकेका सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे आतल्या अॅसिडची घनता बघायची. सेल जितका भरलेला, तितकी ती जास्त. तुमच्या बॅटरीचे सहाही सेल १२५० च्या वर, म्हणजे नीट भरलेले होते. याला वेळ लागतो. तासाभरात फास्ट चार्ज केला की प्लेटा वरवर भरतात, मीटर खूश दिसतो आणि दोन दिवसांत बॅटरी बसते. तसं काम मी करून देणार नाही.

आता सेल्फचं. रात्रभर उभी राहून १२.६ दाखवणारी बॅटरी चार दिवसांत उतरली, तर आधी गाडी तपासायला हवी. इंजिन चालू ठेवून बॅटरीच्या टर्मिनलवर मोजा. साधारण १३.८ ते १४.४ यायला हवेत. साडेबाराच्या आसपासच राहिले तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर) चार्ज करत नाही, किंवा त्याचा बेल्ट ढिला आहे. तिथे बरोबर आले, तर बहुधा गाडी बंद असताना काहीतरी करंट खातंय. बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टीम किंवा डॅशकॅम असेल तर आधी तो बघू.

नुसती बॅटरी काढून आणू नका, गाडीच घेऊन या. लोड टेस्ट (बॅटरीवर जोर टाकून ती किती टिकते ते बघणं) आणि अल्टरनेटरची तपासणी दोन्ही तुमच्यासमोर करतो, त्याचे पैसे घेणार नाही.