लॅपटॉपच्या पाच सेलवर ड्रिल? हिशोब बरोबर, सेल चुकीचे

बेदाणा शेडची कामं निघाली की तासगाव-मिरजेकडच्या फिटर लोकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो: 'कॉर्डलेस ड्रिलची बॅटरी गेली? जुन्या लॅपटॉपचे पाच सेल डाग मारून (सोल्डर करून) जोडा, पॅक कमरेला बांधा, वायर ड्रिलला द्या. सेल नसतील तर फवारणी पंपाच्या दोन बॅटऱ्या लावा. 21 व्होल्टच्या कुठल्याही अडॅप्टरवर चार्ज होतं. कंपन्या उगाच लुटतात.'

लुटतात की नाही, यावर मी भांडत नाही. कमरेच्या पॅकची कल्पना तर चांगलीच आहे. शिडीवर हात वर करून दिवसभर स्क्रू मारणाऱ्याच्या मनगटाला विचारा. मीही तसा पॅक वापरतो, पण मेसेजमध्ये सांगितलाय तसा नाही.

पाच सेलचा हिशोब बरोबर आहे. 3.6 व्होल्टचे पाच म्हणजे 18, पूर्ण भरल्यावर 4.2 प्रमाणे 21. म्हणून पॅकवर कोणी 18 छापतो, कोणी '20 मॅक्स'. आत सेल तेवढेच. घोळ 'लॅपटॉपचे' या शब्दात आहे. लॅपटॉपच्या सेलला 18650 म्हणतात, पण ते नुसतं माप आहे: 18 मिमी जाडी, 65 मिमी लांबी. त्यावरून ताकद कळत नाही. लॅपटॉपचा सेल चार-पाच अँपिअर सावकाश द्यायला बनवलेला, आणि ड्रिल बिट अडकला की वीस-तीस अँपिअर मागतं. माझ्या पहिल्या पॅकवर मीटर लावून बघितलं होतं: मोकळं फिरताना 20 व्होल्ट, पत्र्याखालच्या लोखंडी आडव्या पट्टीला (पर्लिनला) टेकवताच 13, आणि बिट धरणारा चक जागेवर थांबला. व्हिडिओत फक्त मोकळं फिरताना दाखवतात. आता मी टूलसाठीचे हाय-ड्रेन, म्हणजे जास्त करंट देणारे सेल वापरतो, एकाच लॉटचे दहा, दोन-दोन समांतर.

'डाग मारा' हे तर सरळ धोक्याचं. सेलच्या आतला प्लास्टिकचा पडदा 130 अंशांच्या आसपास वितळायला लागतो आणि सोल्डरिंगचं टोक साडेतीनशेवर असतं. पडदा गेला की आत शॉर्ट. निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंग करूनच घ्यायची. तीही तपासून, कारण निकेल चढवलेली लोखंडी पट्टी 'शुद्ध' म्हणून खपवतात. चुंबकानं फरक कळत नाही, निकेललाही चुंबक लागतं. पट्टी कानशीनं घासून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा. सकाळी तांबूस गंज दिसला तर लोखंड.

वायर किती जाड, यावर मेसेजमध्ये अवाक्षर नाही. दीड मीटर वायर म्हणजे जाऊन-येऊन तीन. 0.75 चौ. मिमीची घेतली तर 20 अँपिअरला दीड व्होल्ट वायरीतच जातात आणि 30 वॉटची उष्णता होते, म्हणजे छोटी सोल्डरिंग गन कमरेला बांधल्यासारखं. 2.5 ची घेतली तर अर्धा व्होल्टही जात नाही. पॅकच्या तोंडाशीच गाडीचा हिरवा 30 अँपिअरचा फ्यूज हवा. पत्र्याच्या कडेनं वायर कापली तर तोच वाचवतो.

फवारणी पंपाच्या दोन बॅटऱ्या म्हणजे बारा-बारा मिळून 24 व्होल्ट, भरलेल्या असतील तर 25 च्या वर. 21 साठी बनलेल्या ड्रिलचा स्विच जळायला एवढं पुरतं. जुनं 12 व्होल्टचं ड्रिल असेल तर एक बॅटरी खुशाल लावा. जड आहे, पण चालते.

राहिला अडॅप्टर. लिथियमला करंट आणि व्होल्टेज दोन्ही आवरणारा चार्जर लागतो आणि पॅकमध्ये बीएमएस, म्हणजे प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट, नाहीतर चार सेल मागे असताना पाचवा 4.2 च्या पुढे जातो. शिवाय एप्रिलच्या दुपारी पत्र्यावरून उतरवलेला पॅक लगेच चार्जिंगला लावू नका. 45 अंशांच्या वर सेल चार्ज करायचा नसतो, आणि त्या वेळी पॅक हाताला चटका देतो.

सेल, बीएमएस, चार्जर, वेल्डिंग धरून माझा पॅक विकतच्यापेक्षा स्वस्त पडला नाही. खांदा दुखायचा थांबला, एवढ्यासाठी तो ठेवलाय.