यादी लोकल आहे, पण ती वाचतं कोण?

‘कामांची यादी तुमच्याच कॉम्प्युटरवर, तिला एआय असिस्टंटशी जोडणारा सर्व्हरही तिथेच, त्यामुळे माहिती बाहेर जातच नाही. पाच मिनिटांत जोडा, एकदा परवानगी द्या आणि निर्धास्त राहा. चुकलंच काही तर अनडू आहे.’ असा मजकूर बराच फिरतो आहे. मी स्वतः टास्कवॉरियर, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञांवर चालणारं कामांच्या यादीचं सॉफ्टवेअर, वापरते आणि त्याला असिस्टंट जोडलेला आहे, म्हणजे ‘जोडूच नका’ म्हणणाऱ्यांतली मी नाही. पण या मजकुरावर विसंबून कोणी आपली खासगी यादी उघडी करू नये, असं मनापासून वाटतं.

पाच मिनिटांचं खरं आहे. तेवढाच वेळ लागतो.

‘माहिती बाहेर जातच नाही’ ही मात्र मोठी गल्लत. अशी जोडणी बहुधा एमसीपीवर, म्हणजे अँथ्रॉपिक या एआय कंपनीनं नोव्हेंबर २०२४ मध्ये खुल्या केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलवर चालते. असिस्टंटला इतर प्रोग्रामशी जोडण्याची ही एक ठरलेली पद्धत. असिस्टंटचं ॲप एक छोटा सर्व्हर प्रोग्राम सुरू करतं आणि दोघांत स्टँडर्ड इनपुट-आउटपुटमधून, म्हणजे नेटवर्कशिवाय थेट, जेसन-आरपीसी या ठरावीक साच्यातल्या संदेशांची देवाणघेवाण होते. इथवर सगळं खरोखर तुमच्याच मशीनवर. पण सर्व्हरचं उत्तर पुढे मॉडेलला, म्हणजे असिस्टंटमागच्या एआयला, वाचायला द्यावं लागतं, आणि मॉडेल कंपनीच्या मशीनवर चालत असेल तर ते उत्तर तिकडेच जातं. तुम्ही विचारलं ‘आज काय करायचंय?’ आणि टूलनं, म्हणजे असिस्टंटला वापरता येणाऱ्या सर्व्हरमधल्या एखाद्या आज्ञेनं, सगळी यादी उचलून दिली, तर तपासणीची तारीख, थकलेला हप्ता, वकिलांना करायचा फोन, सगळंच गेलं. काहीच बाहेर जाऊ द्यायचं नसेल तर मॉडेलही स्वतःकडे चालवावं लागतं, ओलामा किंवा लामा-सीपीपी यांसारखा, आपल्याच मशीनवर मॉडेल चालवणारा प्रोग्राम वापरून. तिथे लहान मॉडेल नेमकं टूल निवडताना जास्त चुकतात, हे सोसावं लागतं. मी मधली वाट धरली आहे. सर्व्हरमध्येच गाळणी बसवली: ठरावीक प्रोजेक्टमधली, जवळची मुदत असलेली कामंच मिळतात आणि कामाखाली लिहिलेल्या टिपा मिळतच नाहीत.

‘अनडू आहे.’ आहे, पण आधी चूक लक्षात तर यायला हवी! टास्कवॉरियरमध्ये कामाला दिसणारा क्रमांक कायमचा नसतो. कामं पूर्ण झाली की उरलेल्यांचे क्रमांक बदलतात. कायमची ओळख म्हणजे यूयूआयडी, प्रत्येक कामाला मिळणारी लांबलचक, न बदलणारी खूण. असिस्टंटनं सकाळी यादी वाचली, दुपारी तुम्ही हातानं दोन कामं संपवली, आणि संध्याकाळी ‘ते बिलाचं काम झालं’ म्हटल्यावर त्यानं संभाषणातला जुना ७ क्रमांक वापरला, तर भलतंच काम ‘पूर्ण’ होऊन नजरेआड जातं. कुठलाही एरर येत नाही. टुडू-टीएक्सटी या साध्या मजकूर-फाइलीत यादी ठेवण्याच्या पद्धतीत तर क्रमांक म्हणजे फाइलमधली ओळ, तीही सरकू शकते. आणि अनडू शेवटचा बदल मागे घेतं. चार दिवसांनी चूक दिसली तर मधले सगळे बदल आधी उलगडावे लागतात, सिंक झालेला बदल तर त्यानं मागे घेताच येत नाही. म्हणून बदल करणारं प्रत्येक टूल फक्त यूयूआयडी घेईल आणि उत्तरात कामाचं पूर्ण वाक्य परत देईल, असंच लिहायला हवं.

‘एकदा परवानगी द्या.’ याची मला सर्वांत जास्त भीती वाटते. आपल्या यादीतला मजकूर नेहमी आपणच लिहिलेला असतो का? कुणाच्या ईमेलमधल्या ओळी आपण कामाच्या वर्णनात जशाच्या तशा चिकटवतो. मॉडेलला मात्र माहिती आणि आज्ञा यांतला फरक खात्रीनं कळत नाही. त्या ओळींत एखादी सूचना दडलेली असेल तर ते ती पाळूही शकतं. यालाच २०२२ पासून प्रॉम्प्ट इंजेक्शन म्हणतात. त्याच असिस्टंटला ईमेल पाठवण्याचं टूलही जोडलेलं असेल, तर तुमची यादी परस्पर दुसऱ्याच्या हाती पडायला वाव मिळतो. ‘हे टूल फक्त वाचतं’ असं सर्व्हर सांगू शकतो, पण एमसीपीत तो निव्वळ सर्व्हरचा दावा आहे, कुलूप नाही. शिवाय सर्व्हर तुमच्याच युजर खात्यानं चालतो, त्यामुळे मुद्दाम बांधून ठेवला नसेल तर तुम्हाला उघडता येणाऱ्या इतर फाइलीही त्याला उघडता येतात. अनोळखी माणसानं लिहिलेला सर्व्हर चालवण्याआधी त्याचा कोड वाचा. टास्क-ट्रॅकरसाठी तो सहसा फार मोठा नसतो.

माझ्याकडे वाचण्याला कायमची परवानगी आहे, बदलाला दर वेळी विचारणा होते, आणि काम डिलीट करण्याचं टूल मी सर्व्हरमध्ये लिहिलेलंच नाही.