रांगेत उभं राहायला तरी मिळायला हवं

परवा रात्री मावशीने फॅमिली ग्रुपवर एक मेसेज टाकला, खाली तीन जोडलेले हात. सकाळपर्यंत तोच ऑफिसच्या ग्रुपवरही आला होता. मजकूर थोडक्यात असा: लिथुआनियातला जपानी राजदूत चिउने सुगिहारा याने, नाझी सैनिक दारात उभे असताना, सरकारचा हुकूम मोडून चाळीस हजार ज्यूंना जपानी नागरिकत्व दिलं; म्हणून जपानने त्याला गोळ्या घातल्या. शेवटी ठळक अक्षरांत बोध: ‘जे रांगेत उभे राहिले ते जगले, जे घरी बसले ते मेले. तुम्ही कुठे आहात?’

शेवटापासूनच सुरुवात करते, कारण माझं डोकं तिथेच फिरलं.

लिथुआनियातल्या कौनास शहरात, सुगिहाराच्या जपानी वकिलातीसमोर १९४०च्या जुलै-ऑगस्टमध्ये जे व्हिशासाठी उभे होते, ते बहुतेक पोलंडमधून पळून आलेले निर्वासित होते. लिथुआनियाचे स्वतःचे ज्यू दोन लाखांच्या आसपास. ऑगस्टच्या सुरुवातीला देश सोव्हिएत संघात विलीन केला गेला आणि हे लोक सोव्हिएत नागरिक ठरले. सोव्हिएत नागरिकाला देश सोडायची परवानगी मिळणं जवळपास अशक्यच. म्हणजे सुगिहाराचा व्हिशाचा शिक्का मिळाला असता तरी तो घेऊन जाणार कुठे? निर्वासितांचंही सोपं नव्हतं. बाहेर जायचा अर्ज केला की आपण नजरेत येणार आणि गाडी व्लादिवोस्तोक बंदराऐवजी सायबेरियातल्या छावणीकडे वळणार, ही धास्ती. तिकिटाचे पैसे डॉलरमध्ये मागायचे आणि डॉलर जवळ बाळगणं हाच गुन्हा! जून १९४१ मध्ये जर्मन आले आणि युद्ध संपेपर्यंत लिथुआनियातल्या दर दहा ज्यूंपैकी नऊहून जास्त मारले गेले. ते ‘घरी बसले’ म्हणून मेले? हे लिहिणाऱ्याला लाज कशी वाटली नाही?

जर्मन १९४१ मध्ये आले म्हटल्यावर ‘नाझी दारात’ हा मुद्दा आपोआप गळतो. १९४० मध्ये तिथे लाल सेना होती आणि परदेशी वकिलाती बंद करायचा आदेशही सोव्हिएतांचाच. सगळी घाई त्यामुळे. राजदूत म्हणाल तर तो उपवाणिज्यदूत होता. असो.

नागरिकत्व तर अजिबात नाही. दिले ते ट्रान्झिट व्हिसा, जपानमार्गे पुढे जाण्यापुरते. मग पुढचा मुक्काम दाखवायला हवा ना? तो दाखवला यान झ्वार्टेंडाइक या माणसाने. फिलिप्स कंपनीचा तिथला व्यवस्थापक, नेदरलँड्सचं वाणिज्यदूतपद जोडीला सांभाळणारा. कॅरिबियनमधल्या कुरासाव बेटावर जायला व्हिसा लागत नाही, असं तो पासपोर्टवर लिहून देई. वाक्य खरंच होतं. फक्त उतरायला गव्हर्नरची परवानगी लागते, एवढंच त्याने गाळलं. त्या अर्ध्या वाक्यावर सुगिहाराचा व्हिसा टेकला, त्यावर सोव्हिएत परवाना, मग सायबेरियातून रेल्वे, व्लादिवोस्तोकहून बोट, जपानातलं त्सुरुगा बंदर, मग कोबे शहर. फॉरवर्डमध्ये या डच माणसाचा उल्लेखही नाही.

चाळीस हजार कुठून आणले, देव जाणे. सुगिहाराने दिलेल्या व्हिशांची यादी जपानच्या परराष्ट्र खात्याच्या दप्तरात आजही आहे आणि तिच्यात सुमारे २,१४० नावं आहेत. एका व्हिशावर कधी अख्खं कुटुंब जाई, म्हणून सहा हजारांचा अंदाज सांगितला जातो. पण काहींचे व्हिसा वापरलेच गेले नाहीत. चाळीस हजार मात्र कुठल्याच हिशोबात बसत नाहीत.

आता एक कबूल करावंच लागेल. हुकूम मोडला हे खरं. पुढच्या देशाची परवानगी आणि पुरेसे पैसे असल्याशिवाय व्हिसा देऊ नका, असं टोकियोने बजावलं होतं. त्याने ते मानलं नाही. पण गोळ्याबिळ्या नाहीत. कौनासनंतर त्याला प्राग, क्योनिग्सबर्ग, बुखारेस्ट अशा नेमणुका मिळाल्या. युद्धानंतर सोव्हिएत छावणीत स्थानबद्धता, आणि १९४७ मध्ये जपानला परतल्यावर राजीनामा घेतला गेला. खातं म्हणतं कर्मचारीकपात, कुटुंबीय म्हणतात ही व्हिशांचीच शिक्षा. मला कुटुंबीयांचं पटतं. १९८४ मध्ये इस्रायलच्या याद वाशेम या ज्यू-संहाराच्या स्मारक संस्थेने त्याचा गौरव केला, तेव्हा तो हयात होता. वारला १९८६ मध्ये. झ्वार्टेंडाइक १९७६ मध्येच गेला. त्याला तोच मान मिळाला १९९७ मध्ये.

मावशी, तू हे भिशीच्या ग्रुपवरही पाठवलं असशील, मला माहीत आहे. तिथेही सांग. आणि ती शेवटची ओळ तरी आधी काढ.