मेजर, सावकाश पळणं म्हणजे फिरायला जाणं नव्हे की ओ

नमस्कार मेजर. तुमची कॉमेंट काल रात्रीच वाचली, पण मोबाईलवर एवढं टाईप करायचा कंटाळा, म्हणून आज निवांत बसून लिहायलोय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या पोस्टमध्ये मी माझा मॅरेथॉन ट्रेनिंगचा एक आठवडा लिहिला होता, त्यावर मेजरांचं म्हणणं असं की चार दिवस हा माणूस किलोमीटरला साडेसात मिनिटं घेतोय, दोन दिवस नुसता झोपतोय, याला काय ट्रेनिंग म्हणायचं, आपल्या बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात म्हातारी माणसं फिरायला येतात तसलंच झालं हे. आमची सैन्यभरतीची पोरं रोज जीव तोडून पळतात आणि 1600 मीटर साडेपाच मिनिटांत काढतात. आणि वर, हे मॅरेथॉनचं फॅड बेळगावात आत्ता आलंय, पैसेवाल्यांचं.

1600 मीटर साडेपाच मिनिटांत म्हणजे किलोमीटरला 3 मिनिटं 26 सेकंद. मला त्या वेगानं काँग्रेस रोडवर पाव किलोमीटर पण जमायचं नाही, त्यात वादच नाही. पण मेजर, तुमच्या पोरांचा खेळ साडेपाच मिनिटांत संपतो आणि माझा साडेचार-पावणेपाच तास चालतो. तुमच्यात श्वास संपतो, आमच्यात सामान संपतं. सत्तर किलोचा माणूस एक किलोमीटर पळाला की साधारण सत्तर कॅलरी जातात, म्हणजे 42 किलोमीटरला तीन हजाराच्या आसपास. आणि स्नायू अन् लिव्हरमध्ये साठवलेलं ग्लायकोजन, म्हणजे साखरेचा साठा, किती, तर दोन हजार कॅलरीच्या घरात. म्हणून तर तिसाव्या किलोमीटरच्या आसपास भलेभले खाली बसतात. उरलेलं चरबीतून काढावं लागतं, आणि चरबी जाळायची सवय शरीराला लागते ती तासन् तास आरामात पळून. स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात, पेशीत इंधन जाळणारे मायटोकॉन्ड्रिया वाढतात, ही सगळी कामं धाप न लागता पळताना पण होतात, आणि धाप लागली नाही म्हणून दुसऱ्या दिवशी परत पळता येतं. माझी साधी टेस्ट आहे, शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, नाही आलं तर वेग कमी.

पैलवान तरी रोज काटा कुस्ती करतो का? जोर-बैठका मारतो की.

आता तुम्ही म्हणाल हे लांब पळणाऱ्यांचं झालं, 1600 ला याचा काय उपयोग. तर आर्थर लिडियार्ड म्हणून न्यूझीलंडचे एक कोच होते. त्यांचा पीटर स्नेल हा पळायचा 800 मीटर, म्हणजे तुमच्या 1600 च्या पण निम्मं, आणि त्याला ते रविवारी 22 मैल, म्हणजे 35 किलोमीटर, डोंगरातल्या रस्त्यावर पळायला लावायचे. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये स्नेलनं 800 ला गोल्ड घेतलं, त्याच दिवशी लिडियार्ड यांच्याच मरे हॅलबर्गनं 5000 ला घेतलं, आणि मॅरेथॉनचं ब्राँझ पण त्यांच्याच बॅरी मॅगीला. नंतर स्टीफन सायलर या संशोधकानं मोठमोठ्या धावपटूंची, रोइंगवाल्यांची, स्कीइंगवाल्यांची ट्रेनिंगं तपासली तेव्हा असं दिसलं की ही माणसं शंभरातली ऐंशी सेशन्स हलकीच करतात. कष्टाचं तेवढं वीस टक्के, पण ते खरंच कष्टाचं. माझ्या आठवड्यात पण पाचातला एकच दिवस तसा आहे, बुधवार, बेळगावजवळच्या राजहंसगडाच्या चढावर. त्या दिवशी बघायला या, मग फिरायला आलाय म्हणा.

तो चढ पण उगाच नाही. जानेवारीत मुंबईची रेस आहे आणि तिथं पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर लागतो, पाय कामातनं गेलेले असताना. शिवाय आपलं बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर, थंडीत सकाळी कानटोपी घालून निघायचं, आणि मुंबईत जानेवारीत पण घामाच्या धारा. इथल्या थंडीत जमलेला वेग तिथं शेवटपर्यंत टिकत नाही, म्हणून टार्गेट मी आधीच थोडं सैल धरलंय.

दोन दिवस झोपतो म्हणालात. हे तुम्हालाच जास्त पटायला पाहिजे ओ. मार्च फ्रॅक्चर हे नाव कुठनं आलं? पलटणीतनंच की. पायाच्या पंजातली बारीक हाडं नव्या रंगरुटांची चालून चालून चिरायची, 1855 मध्ये प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्ट नावाच्या सर्जननं हे पहिल्यांदा लिहून ठेवलं. फुफ्फुसं अन् दम काही आठवड्यांत वाढतो, हाडं आणि स्नायू हाडाला बांधणारे टेंडन मागनं सावकाश येतात, आणि माणूस दमावर भरोसा ठेवून पळत सुटतो. तुमच्या पोरांपैकी कितीजणांची नडगी दुखते विचारा एकदा. खरं सांगणार नाहीत कारण तुम्हाला घाबरतात, पण मेडिकलवाल्याला विचारा स्प्रे कोण नेतं ते. रोज डांबरावर फुल जोर म्हटल्यावर दुसरं काय होणार.

आणि फॅडचं म्हणाल तर 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये आपल्या बेळगावचे फडेप्पा चौगुले पळाले होते. एकोणिसावे आले, 2 तास 50 मिनिटांत, आणि तो कोर्स आजच्या मॅरेथॉनपेक्षा अर्धा किलोमीटर जास्तच होता, 42.75. शंभर वर्षं होऊन गेली की या फॅडला. माझा टाइम त्यांच्या पुढं सांगायच्या लायकीचा नाही, ते सोडा.

पैशाचं मात्र तुमचं निम्मं बरोबर आहे. बूट महाग आहेत, आणि एका जोडीवर सगळा सीझन निघत नाही. घड्याळाशिवाय चालतं, जेलशिवाय, म्हणजे पळताना चोखायच्या त्या गोड पाकिटांशिवाय, तर नक्कीच चालतं. लांब पळताना तासाला तीस ते साठ ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात जायला पाहिजे, एका जेलमध्ये जेवढं असतं तेवढंच जवळजवळ एका केळ्यात असतं, फक्त केळं खिशात चेंगरतं. रविवारी पिरनवाडीवरनं जांबोटी रोडला लागलो की मी खिशात गुळाची चिक्की ठेवतो. कुंदा पण ठेवून बघितलाय, हसू नका, हाताला लै चिकटतो.

तर आता तुम्हीच एक करा मेजर. सगळी बॅच नको, ज्यांची भरती अजून लांब आहे अशी पाच-सहा पोरं घ्या. दोन महिने त्यांना आठवड्यातनं एकदा-दोनदाच जोरात पळवा, बाकी बोलत बोलत, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. 1600 चा टाइम आधी घ्या, नंतर घ्या, बाकीच्या पोरांचा पण घ्या, आणि चारी आकडे इथंच खाली लिहा. तुमची जीव तोडून पळणारी जास्त सुधारली तर मी ते आकडे तुमच्या नावानं वेगळ्या पोस्टमध्ये टाकतो, एक शब्द न बदलता.