व्हिटॅमिनच्या गोळ्या मनाच्या औषधांची जागा घेऊ शकत नाहीत

‘मानसिक आजार नावाचं काही नसतंच’ अशी सुरुवात असलेला एक लांबलचक मेसेज सध्या नाशिकच्या सोसायट्यांच्या, भिशीच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: डिप्रेशन, चिंतारोग, स्किझोफ्रेनिया हे सगळे जीवनसत्त्वांच्या कमतरतेचे प्रकार आहेत. एका नोबेलविजेत्यानं हे सिद्ध केलं होतं, पण व्हिटॅमिन स्वस्त असल्यामुळे औषध कंपन्यांनी ते दाबून टाकलं. बी-3, बी-6 आणि डी भरपूर घ्या. ती नैसर्गिक आहेत आणि जास्तीची लघवीवाटे निघून जातात. अंग लाल झालं तर घाबरू नका, विष बाहेर पडतंय. आणि तीन आठवड्यांत सायकिॲट्रिस्टच्या गोळ्या बंद करा.

मी सिडकोत मेडिकल चालवते. हा मेसेज फोनवर उघडून ‘यातलं सगळं द्या’ म्हणणारी माणसं माझ्या काउंटरवर येतात. बहुतेक वेळा औषध त्यांना स्वतःला नको असतं. ते मुलासाठी, बहिणीसाठी, वडिलांसाठी हवं असतं. त्यांच्या काळजीबद्दल मला शंका नाही. शंका मेसेजबद्दल आहे, म्हणून त्यातला एकेक दावा घेते.

‘मानसिक आजार म्हणजे जीवनसत्त्वांची कमतरता.’ यातला खरा भाग आधी सांगायला हवा, कारण त्याच्याच आधारावर बाकीचा डोलारा उभा आहे. पेलाग्रा नावाचा आजार नायसिनच्या, म्हणजे बी-3 च्या अभावानं होतो. कातडी काळवंडते, जुलाब लागतात, माणूस भ्रमिष्ट होतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या मनोरुग्णालयांत असे असंख्य रुग्ण होते. हा संसर्ग नाही, निकृष्ट आहाराचा परिणाम आहे, हे जोसेफ गोल्डबर्गर यांनी दाखवलं आणि 1937 मध्ये कॉनराड एल्व्हेजेम यांनी त्यावरचं जीवनसत्त्व ओळखलं. आपल्याकडे हैदराबादच्या, आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी 1960 मध्ये दख्खनमधल्या ज्वारी खाणाऱ्या गरिबांमधल्या पेलाग्राचा अभ्यास मांडला आणि ज्वारीतल्या ल्युसीन या प्रथिनातल्या घटकाकडे बोट दाखवलं. (भाकरी सोडू नका. ज्वारीशिवाय ताटात जवळपास काहीच नसलेल्या लोकांची ती गोष्ट आहे.)

बी-12 चंही तसंच. शाकाहारी घरांत, मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत आणि वयस्कर माणसांत ते कमी पडतं. मग हातापायाला मुंग्या येतात, विसरायला होतं, उदास वाटतं, क्वचित भासही होतात. दारूच्या आहारी गेलेल्या माणसाला थायमिन, म्हणजे बी-1, वेळेवर मिळालं नाही तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

म्हणजे काही कमतरतांमुळे मन बिघडतं, हे खरंच आहे. पण त्यावरून मन बिघडलेल्या प्रत्येकाला कमतरताच आहे, असं ठरत नाही. मेसेज नेमकी इथेच उडी मारतो. दिंडोरी-निफाडचा द्राक्ष बागायतदार देठ परीक्षणाचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय बोरॉन सोडत नाही, कारण ते जास्त झालं की पानांच्या कडा करपतात हे त्यानं पाहिलेलं असतं. घरातल्या माणसाच्या बाबतीत तेवढा तरी विचार व्हावा. बी-12, डी, थायरॉईड, हिमोग्लोबिन या तपासण्या आधी करा. जे कमी निघेल ते डॉक्टर भरून काढतीलच, आणि त्यासाठी मनाची औषधं थांबवावी लागत नाहीत.

‘नोबेलविजेत्यानं सिद्ध केलं.’ हे लायनस पॉलिंग यांच्याबद्दल आहे. त्यांना 1954 चं नोबेल रासायनिक बंधांवरच्या कामासाठी मिळालं आणि 1962 चं शांततेसाठी, अणुचाचण्यांच्या विरोधातल्या लढ्याबद्दल. मानसिक आजारावर त्यांनी 1968 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात लेख लिहिला, तो एक कल्पना मांडणारा होता. रुग्णांवर सिद्ध झालेला उपचार त्यात नव्हता. त्याआधी, 1950 च्या दशकात, कॅनडात अब्राम हॉफर आणि हम्फ्री ऑस्मंड यांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना दिवसाला तीन-तीन ग्रॅम नायसिन देऊन चांगले निष्कर्ष मिळाल्याचं म्हटलं होतं. आपली रोजची गरज 15 मिलिग्रॅमच्या आसपास आहे. म्हणजे हा डोस तिच्या सुमारे दोनशे पट झाला. इतर संशोधकांनी तोच प्रयोग काटेकोरपणे करून पाहिला तेव्हा फायदा दिसला नाही. 1973 मध्ये अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनच्या समितीनं सगळा पुरावा तपासून हे दावे टिकत नाहीत असा अहवाल दिला. दाबून टाकलेलं यात काय आहे? उघडपणे तपासलं आणि टिकलं नाही, एवढंच घडलं.

अलीकडेही मोठ्या चाचण्या झाल्या. अमेरिकेत 50 वर्षांवरच्या 18,353 लोकांना रोज 2,000 युनिट डी किंवा तशीच दिसणारी रिकामी गोळी देऊन पाच वर्षांहून अधिक काळ पाहिलं. 2020 मध्ये निकाल आला: डिप्रेशनचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच. युरोपातल्या चार देशांत वजन जास्त असलेल्या 1,025 लोकांना ओमेगा-3, सेलेनियम, फोलिक ॲसिड आणि कॅल्शियमसह डी असं मिश्रण वर्षभर दिलं. 2019 च्या त्या निकालातही डिप्रेशन टळलं नाही.

‘स्वस्त असल्यामुळे कंपन्यांना नको आहे’ हे तर मला दुकानात बसून पटणं शक्यच नाही. व्हिटॅमिनच्या गोळ्याही कंपन्याच बनवतात, आणि गोळे कॉलनीतल्या होलसेलवाल्यांकडून येणाऱ्या माझ्या मालात त्यांचे खोके काही कमी नसतात. लिथियमचं बघा. तो एक साधा क्षार आहे, कुणाच्या पेटंटचा नाही. ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी 1949 मध्ये त्याचा उपयोग मांडला आणि बायपोलर आजारात, म्हणजे कधी उन्माद तर कधी टोकाची उदासी येते त्या आजारात, तो आजही दिला जातो. स्वस्त आहे म्हणून त्याला कुणी दाबलं नाही, कारण त्याचा गुण येतो.

‘जास्त झालं तर लघवीवाटे निघून जातं.’ सगळ्यात जास्त नुकसान या वाक्यानं होतं. ए, डी, ई, के ही चरबीत साठतात, हे शाळेच्या पुस्तकातही असतं. पण पाण्यात विरघळणारं बी-6 सुद्धा निरुपद्रवी नाही. 1983 मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी सात रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. ते दिवसाला दोन ते सहा ग्रॅम बी-6 घेत होते. त्यांचा तोल जाऊ लागला, हातपाय बधिर झाले. गोळी थांबवल्यावर सुधारणा झाली. नंतर कमी डोसनंही दीर्घकाळात असा त्रास होतो हे दिसलं. अमेरिकेत वरची मर्यादा दिवसाला 100 मिलिग्रॅम आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं 2023 मध्ये ती 12 मिलिग्रॅमवर आणली. गरज साधारण 2 मिलिग्रॅमची असते.

आता आपल्याकडे काय होतं ते सांगते. मेसेज वाचून एक बी-6 ची बाटली येते. घरात आधीच बी-कॉम्प्लेक्सची स्ट्रिप असते. मल्टिव्हिटॅमिन असतं. शिवाय आजीची ‘नसांची गोळी’, जिच्यात बी-12 बरोबर बऱ्याचदा बी-6 ही असतं. चारही एकाच माणसाच्या पोटात जातात. काही महिन्यांनी पायाला मुंग्या येतात आणि तो काउंटरवर येऊन म्हणतो, ‘ताई, नसा कमजोर झाल्यात, अजून एक स्ट्रिप द्या.’ मुंग्या ज्यामुळे येतात तेच मुंग्यांवरचं औषध म्हणून घेतलं जातं. स्ट्रिपच्या मागे ‘पायरिडॉक्सिन’ असं लिहिलेलं असेल तर ते बी-6 आहे. एवढं एक नाव लक्षात ठेवा आणि घरातल्या सगळ्या स्ट्रिपांवर शोधा.

डी चा धोका वेगळा आहे. 60,000 युनिटचं पाकीट किंवा कॅप्सूल आठवड्यातून एकदा आणि ठरावीक आठवडेच घ्यायची असते. ती रोज घेणारे, किंवा चिठ्ठी संपून वर्ष झालं तरी घेतच राहणारे लोक असतात. रक्तातलं कॅल्शियम चढतं. मग भूक मरते, बद्धकोष्ठ होतं, तहान-लघवी वाढते, माणूस मलूल होतो, गोंधळतो. घरचे समजतात की डिप्रेशन वाढलं, आणि अजून एक पाकीट फोडतात. जो लिथियमवर आहे त्याला तर जास्तच जपायला हवं, कारण लिथियमनंही काहींचं कॅल्शियम वाढतं.

नायसिननं अंग लाल होणं म्हणजे विष बाहेर पडणं नव्हे. कातडीतल्या रक्तवाहिन्या फुलतात म्हणून तसं होतं. मोठा डोस घेत राहिल्यास यकृताला इजा होऊ शकते, रक्तातली साखर आणि युरिक ॲसिड वाढू शकतं.

‘नैसर्गिक आहे.’ गोळीतली बहुतेक जीवनसत्त्वं कारखान्यात तयार होतात. आणि फूड सप्लिमेंटच्या डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ या अर्थाची इंग्रजी ओळ कायद्यानं छापलेली असते. वाचून बघा.

मनाच्या औषधांशी जीवनसत्त्वांचा झगडाही होऊ शकतो. लॅमोट्रिजिन हे मूड स्थिर ठेवणारं औषध घेणाऱ्या बायपोलर रुग्णांवरच्या ब्रिटनमधल्या एका चाचणीत (2016) सोबत फोलिक ॲसिड घेणाऱ्यांमध्ये लॅमोट्रिजिनचा फायदा दिसेनासा झाला. म्हणून फोलिक ॲसिड आपल्या मनानं सुरूही करू नका आणि बंदही करू नका. गरोदरपणात ते लागतंच. ई चा मोठा डोस रक्तस्रावाचा धोका वाढवू शकतो, आणि डिप्रेशनच्या काही गोळ्यांनीही तो थोडा वाढतो. केसांसाठीचं बायोटिन थायरॉईडचा रिपोर्ट चुकवू शकतं. मग उदासीचं खरं कारण थायरॉईड असेल तर तेच निसटतं.

उरलं शेवटचं वाक्य: ‘तीन आठवड्यांत गोळ्या बंद करा.’ मनाच्या गोळ्यांना माणसं का कंटाळतात, हे मला रोज दिसतं. वजन वाढतं, सुस्ती येते, तोंड कोरडं पडतं, लग्न ठरवताना लपवाव्या लागतात. अशा माणसाला हा मेसेज म्हणजे सुंठीवाचून खोकला गेल्यासारखा वाटणारच. आणि बंद केल्यावर अनेकांना सुरुवातीला खरंच बरं वाटतं. सुस्ती उतरते, चेहरा उजळतो, घरात आनंद होतो. श्रेय व्हिटॅमिनला जातं आणि मेसेज पुढच्या दहा जणांना पाठवला जातो. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर मात्र कित्येकदा काही आठवड्यांनी, महिन्यांनी उलटतो. तेव्हा झोप जाते, संशय परत येतो, आणि तोपर्यंत मेसेजशी त्याचा संबंध कुणी जोडत नाही. डिप्रेशनच्या गोळ्या झटक्यात थांबवल्या तर चक्कर, डोक्यात विजेसारखे झटके, चिडचिड होते. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारख्या चिंतेवरच्या, झोपेच्या गोळ्या अचानक सोडल्या तर फिट येऊ शकते. डोस कमी करता येतो, काहींच्या गोळ्या पूर्ण थांबतातही. पण ते पायरीपायरीनं आणि डॉक्टरांच्या नजरेखाली. गोळीचा त्रास होत असेल तर तो तक्रार म्हणून त्यांना सांगा. बदलून देण्यासारखी औषधं त्यांच्याकडे असतात.

ज्यांनी आधीच अदलाबदल केली आहे त्यांच्यासाठी: घरातल्या सगळ्या स्ट्रिपा, बाटल्या, पाकिटं, प्रोटीनचे डबे एका पिशवीत भरा आणि मानसोपचारतज्ज्ञांच्या टेबलावर ठेवा. कोणती गोळी कधीपासून बंद आहे ते खरं सांगा. जुनी गोळी जुन्याच डोसमध्ये परस्पर सुरू करू नका. काहींचा डोस पुन्हा कमीपासून वाढवावा लागतो. खासगी फी परवडत नसेल तर त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे. जाणं जमत नसेल तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. आणि घरातला माणूस जीव द्यायची भाषा बोलत असेल, तर पिशवी भरत बसू नका. त्याला एकटं न सोडता तडक दवाखान्यात घेऊन जा.