साहेब, मुलाखत अशी घ्या

अभिनंदन! तुम्ही मॅनेजर झालात. आता हाताखालची माणसं निवडायची म्हणून गोंधळून जाऊ नका. गेल्या मंगळवारीच मी हिंजवडीत अकाउंट्सच्या जागेसाठी मुलाखत देऊन आले, त्यामुळे ही विद्या माझ्याकडे अगदी ताजी आहे.

जाहिरातीत फ्रेशर मागा, पण तीन वर्षांचा अनुभव असलेला.

मुलाखतीची वेळ अकराची द्या. उमेदवार नाशिकची असली तर सोन्याहून पिवळं. ती पहाटेची एसटी धरते, नाशिक फाट्याला उतरते, वाकडच्या पुलाशी रिक्षात घामाघूम होते आणि पावणेअकराला गेटवर हजर! तिला खोल सोफ्यावर बसवा आणि विसरून जा. दीड वाजता तिच्यासमोरूनच डबा घेऊन जेवायला जा.

बायोडेटा आधी वाचू नका, उत्स्फूर्तता जाते. समोरचीनं कित्येक वर्षं जीएसटीची रिटर्न्स भरल्याचं पहिल्याच ओळीत लिहिलंय? ‘टॅली येतं का?’ विचारा.

नोटीस पिरियड तुमच्याकडे ९० दिवसांचा. तिनं मात्र सोमवारी रुजू व्हावं.

आता प्रॅक्टिकल टेस्ट. एक एक्सेल फाइल द्या, मला दिलीत तशी. एका शीटवर जीएसटीआर २बी, म्हणजे माल विकणाऱ्या पार्ट्यांनी सरकारकडे नोंदवलेली बिलं; दुसऱ्यावर पर्चेस रजिस्टर, म्हणजे कंपनीची स्वतःची खरेदीची नोंद. ‘जस्ट मॅच करून दाखवा, वेळेचं टेन्शन नको.’ चारशेच्या वर बिलं! मला आधी वाटलं, टेस्टसाठी बनवलेली फाइल असेल. पण बनवलेल्या फाइलमध्ये एकाच पार्टीचा बिल नंबर कधी स्लॅशनं, कधी डॅशनं, कधी पुढे दोन शून्यं लावून येत नाही. तो घोळ खऱ्या ऑफिसातच होतो. पार्ट्यांची नावं खरी, जीएसटी नंबर खरे, महिना मागचाच. आणि तारीख होती १८. म्हणजे परवा २० तारखेला ३बी, महिन्याचं जीएसटीचं रिटर्न, भरायची! यांचा माणूस मध्येच सोडून गेलेला, काम तुंबलेलं, म्हणून नाशिकहून एक बाई बोलावली. फुकटात. साडेपाचपर्यंत मान मोडून बसले मी. चहा एकदा आला, तोही शेजारच्या टेबलासाठी.

फाइल नीट सेव्ह झाली की मगच घरगुती प्रश्नांकडे वळा. दोन वर्षांचा गॅप का? मुलगी लहान होती? आता तिच्याकडे कोण बघतं? दुसऱ्याचा विचार आहे का? (२०१७ साली बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली ना, त्यामुळे हा शेवटचा प्रश्न गाळणं परवडत नाही.)

शेवटी ‘आम्ही कळवू’ म्हणा. कळवू नका.

अहो, लाज नाही वाटत? माझा अख्खा दिवस गेला, तिकिटाचे पैसे गेले, पोरगी रात्री दहापर्यंत शेजारच्या काकूंकडे दाराशी डोळे लावून बसली. जागा भरायचीच नव्हती तर तसं सांगायचं होतंत. मॅचिंगचे पैसे ठरवून मी घरी बसून करून दिलं असतं. काल फोन केला तर तुमची एचआरची मुलगी मलाच विचारते, ‘कुठली पोझिशन, मॅडम?’

आणि हो, त्या फाइलमध्ये मी ३७ ओळी लाल केल्यात. ती बिलं २बीत नाहीत. घाईघाईत त्यांचंही क्रेडिट, म्हणजे खरेदीवरच्या कराची वजावट, घेऊन वापरलं असेल, तर १८ टक्क्यांनी व्याज भरा.