आंटी, बिल तो भरते हैं ना

सकाळपासून डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. चहा केला तो पण तसाच गार पडलाय. लांब पोस्टचा कंटाळा असेल त्यांनी सरळ पुढे जा, राग नाही.

आज आमचा नळाचा दिवस. (बाहेरच्यांसाठी: इंदूरला नर्मदा एक दिवसाआड येते.) खालचा हौद भरला, कुणीतरी वरच्या टंकीची मोटर चालू केली आणि जाऊन झोपलं. चौकीदार गावी गेलेला. मला जाग आली तेव्हा गच्चीवरून धबधबा चालू, पार्किंगमधून गल्लीत, गल्लीतून नालीत, किती वेळ ते देव जाणे. गाऊनवर ओढणी टाकून खाली धावले, मोटर बंद केली, आणि ग्रुपवर अगदी नीट, हात जोडलेला इमोजी टाकून लिहिलं की बाबांनो, लक्ष ठेवा. तर तिसऱ्या मजल्यावरच्या पोराचं उत्तर, "आंटी, बिल तो भरते हैं ना." वर हसणारं तोंड. त्याला चार अंगठे. त्यातला एक अंगठा आपल्याच एका मराठी काकूंचा, ज्या दर होळीला माझ्याकडच्या पुरणपोळ्या मोजून घेऊन जातात. असो.

बिल! म्हणजे नर्मदा मैया बिल बघून घाट चढते का रे?

माझे बाबा असते तर त्या पोराला स्कूटरवर बसवून जलूदला, जिथून नर्मदेचं पाणी पंपानं इंदूरला चढवतात तिथे, घेऊन गेले असते. मला नेलं होतं. मी दहा वर्षांची, मे महिना, आणि काहीतरी फालतू कारणावरून आईवर चिडून मी भरलेली बादली मोरीत उलटी केली होती. मारतील असं वाटलं. मारलं नाही, बोलले पण नाहीत. रविवारी पहाटे बजाज काढली, म्हणाले, "चल बेटा, तुझ्या मोठ्या बहिणीकडे जाऊन येऊ." कारण नर्मदा इंदूरला आली 1978 साली आणि मी 1979 ची, तर आमच्या घरी नर्मदेला 'ताई' म्हणायचे. आजपण म्हणतो. "ताई आली का?" म्हणजे नळ आला का.

आजच्या पोरांना वाटतं नळ म्हणजे आकाशातून आलाय. अरे, त्याआधी यशवंतसागर आणि बिलावली ह्या तलावांवर भागवायचं हे शहर. नर्मदा इथे आणा म्हणून 1970 साली अख्खं इंदूर रस्त्यावर उतरलं होतं, बाबा तेव्हा कॉलेजात, आंदोलनात होते. त्यांनी तिथे नक्की काय केलं ते आम्हाला कधी कळलं नाही, आई म्हणते घोषणा कमी आणि कचोऱ्या जास्त. पण त्यांना आयुष्यभर असं वाटत राहिलं की हे पाणी त्यांनी स्वतः मागून आणलंय, आणि मागून आणलेली गोष्ट सांडायची नसते.

तर जलूद. महू, मानपूर, घाट उतरून धामनोद, मग मंडलेश्वरकडे. मी पुढे उभी, तोंडावर गरम वारा, बाबांच्या खिशात चिंचेच्या गोळ्या. आणि पोचलो तर काय, बघायला काहीच नाही! भिंत, फाटक, मोठे पाइप, आतून घूं घूं आवाज. गार्डनं आत सोडलंच नाही. मला रडू यायला लागलं की एवढ्यासाठी आणलं? बाबा मजेत फाटकाबाहेर सावलीत बसले, डबा उघडला, म्हणाले आवाज ऐक. आम्ही पोळीभाजी खात पंपाचा आवाज ऐकला. बस.

खरी गंमत परतताना. घाटात बजाज बंद. बाबांनी ती आडवी केली, प्लग काढला, पुसला, घासला, परत लावला, किका मारून घामाघूम झाले, पुन्हा थोडी चढली, पुन्हा बंद. मी मागून ढकलतेय. तेव्हा धापा टाकत म्हणाले, "बघ, आपण दोघं अन् एक स्कूटर चढत नाही, आणि ती 70 किलोमीटर रोज येते." आणि मग स्वतःच हसायला लागले, इतके की खाली दगडावर बसावं लागलं.

त्या बादलीचा विषय त्यांनी त्या दिवशी काढला नाही. कधीच काढला नाही.

आमच्या जुन्या गल्लीत सगळ्यांनी लाइनवर टुल्लू (पाणी ओढून घेणारा छोटा पंप) लावला होता. सगळ्यांनी म्हणजे सगळ्यांनी, वकीलसाहेबांनी पण. आमच्याकडे नळाला करंगळीएवढी धार. मी, दादा, आई, तिघांनी मागे लागून सांगितलं, लावा ना बाबा. म्हणायचे, "आपण ओढलं तर मागच्या घरातल्या वहिनींकडे काय येईल? हवा?" मला तेव्हा भयंकर राग यायचा. मैत्रिणी आंघोळ करून शाळेत पोचायच्या आणि आम्ही तपेल्यात पाणी साठायची वाट बघत बसायचो.

आणि एक सांगते, लिहितालिहिता आत्ता आठवलं म्हणून. तत्त्व बाबांचं होतं पण चार वाजता उठून पिंप, कळशा, पातेली कोण भरायचं? आई. टुल्लू नसल्याची किंमत तिच्या कमरेनं दिली. बाबा उठायचे, नाही असं नाही, शेवटच्या दोन बादल्या त्यांच्या. पण दोनच. ह्यावर मी त्यांच्याशी भांडायला हवं होतं, भांडले नाही, आता कुणाशी भांडू?

हो, आणि मला माहितीये कुणीतरी खाली लिहिणार की तुमच्या घरच्या आरओचं पाणी कुठे जातं. जातं. बादली लावते, रोज लावते असं म्हणणार नाही. झालं समाधान?

पण सव्वीस फ्लॅट, आणि एकाला उठून बटण दाबता येत नाही. 2017 पासून स्वच्छतेत पहिला नंबर म्हणून छाती फुगवायची, कचऱ्याचे डबे रंगाप्रमाणे वेगळे करायचे (ते करतो आपण, खरंच करतो, पोहे खाऊन द्रोणसुद्धा डब्यातच टाकतो), आणि पाण्याचं नाव काढलं की बिल.

हॉस्पिटलमध्ये शेवटच्या आठवड्यात बाबांना बोलता येत नव्हतं. सारखं बोट दाखवायचे. आम्ही चमच्यानं पाणी पाजतोय, ते मान हलवतायत, पुन्हा बोट. दादाच्या मुलाला कळलं. कोपऱ्यातल्या बेसिनचा नळ ठिबकत होता. त्यानं जाऊन बंद केला, तर ह्यांनी डोळे मिटले आणि शांत झोपले. आई म्हणाली, "आता तरी सोडा हो ते!" आणि आम्ही सगळे तिथे वेड्यासारखे हसलो, नर्स बघायला आली काय झालं म्हणून.

लिहितालिहिता राग उतरला थोडा. तो पोरगा वाईट नाही, मागच्या महिन्यात आईचा सिलेंडर त्यानंच वर आणून दिला होता, न सांगता. चोवीस-पंचवीसचा आहे, एकटा राहतो, रात्रपाळी असते म्हणे. पण अंगठावाल्या काकूंना ह्या होळीला पोळ्या नाहीत, हे नक्की.

परवा पुन्हा नळाचा दिवस. मी पावणेपाचचा अलार्म लावलाय. त्याला आत्ताच मेसेज टाकलाय, गच्चीवर ये, कॉक कुठे आहे ते दाखवते, चहा मी घेऊन येते. निळ्या टिका आल्यात. उत्तर नाही अजून.